सातवे वर्ष आणि लेकरांचे दात



गेल्या महिन्यात आम्हांस माळव्यातून दोन पत्रे आली. एक देवास शहरातून, दुसरे धार जिल्ह्यातील एका खेड्यातून. देवासचे नाव आपल्यापैकी पुष्कळांस धन्य राणी मारिया यांच्यामुळे परिचयाचे आहे. त्याच जिल्ह्यातील उदयनगर भागात गोरगरिबांची व आदिवासींची सेवा करीत असता २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांची हत्या झाली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे ख्रिस्तसभेने त्यांस धन्य म्हणून घोषित केले. धार आणि देवास ही दोन्ही पवार घराण्याची जुनी संस्थाने. तेथील कित्येक घरांत आजही मराठी बोलली जाते, आणि त्यांतील एखाददुसऱ्या घरी आमचे हे साप्ताहिकही जाऊन पोहोचते. दोन्ही पत्रांचा विषय एकच होता, मुलांचे दात. हा विषय आरंभी आम्हांसही लहानच वाटला. पत्रे वाचून संपली तेव्हा तो लहान राहिला नव्हता.

पहिले पत्र एका मातेचे आहे. ती मूळची अहिल्यानगर जिल्ह्यातील. पती देवासच्या एका कारखान्यात नोकरीस आहेत. त्यांची धाकटी मुलगी आठ वर्षांची. नुकताच तिच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाचा सोहळा झाला आणि देवळाच्या पायरीवर सर्व मुलामुलींचे छायाचित्र काढण्यात आले. "छायाचित्र घरी आले तेव्हा पाहिले," असे ती लिहिते, "सगळ्या मुली हसत होत्या. आमच्या मुलीने मात्र तोंडावर हात धरला होता." मुलीचे वरचे पटाशीचे दात पुढे आले आहेत आणि ओठ मिटत नाहीत. शाळेत मुले तिला एका नावाने हाक मारतात. ते नाव मातेने पत्रात लिहिलेले नाही. सासूबाई म्हणतात, "सगळे दुधाचे दात पडू द्या, आपोआप सरळ होतील. नाहीच झाले तर लग्नाच्या वेळी पाहू." पती म्हणतात, दातांना तार लावणे ही श्रीमंतांची चैन. आणि ती स्वतः आम्हांस विचारते, देवाने दिलेले रूप पैसे खर्चून बदलणे हा गर्व तर नव्हे ना?

दुसरे पत्र एका धर्मभगिनीचे आहे. त्या भिल्ल वस्तीतील मुलांना शिकवितात. त्यांच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांचे दात पिवळे पडलेले, काहींच्या दातांवर तपकिरी पट्टे, काहींच्या दातांचे टवके उडालेले. शाळेत नव्याने आलेल्या एका शिक्षकांनी एका मुलास 'दात घासून येत नाहीस' म्हणून वर्गाबाहेर उभे केले. त्या मुलाने घरी जाऊन विटेची पूड घेतली आणि हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर्गात आला, तेव्हा दात तसेच पिवळे होते. सिस्टर विचारतात, या मुलांना तारेचा काही उपयोग होईल काय?

या दोन्ही पत्रांस उत्तर देण्यापूर्वी आम्हांस एक कबुली देणे प्राप्त आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याच परिचयातील एका मातेने आम्हांस हाच प्रश्न विचारला होता. तिची मुलगी त्या वेळी नऊ वर्षांची होती. आम्ही मोठ्या तोऱ्यात उत्तर दिले की, देवाने दिलेल्या दातांत खोट काढू नये आणि मुलीच्या मनात रूपाचे वेड भरू नये. त्या माऊलीने आमचा शब्द प्रमाण मानला. पुढे मुलगी एकोणीस वर्षांची झाली, लग्न जमले आणि चार महिन्यांवर तारीख आली, तेव्हा घरची मंडळी तिला घेऊन डॉक्टरांकडे धावली. डॉक्टरांनी सांगितले की, आता दोन वर्षे लागतील. आणि जबड्याची वाढ चालू असताना जे सहज झाले असते, ते आता केवळ तारेने होणार नाही. मुलगी लग्नाच्या छायाचित्रात ओठ मिटून उभी आहे. तिची आई आम्हांस कधी एका शब्दाने बोलली नाही. परंतु आम्ही दिलेला सल्ला चुकीचा होता, आणि म्हणूनच आज हे सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम गर्वाचा प्रश्न. पोप बारावे पायस यांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, म्हणजे आपल्या मृत्यूच्या अवघ्या पाच दिवस आधी, इटलीतील प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांपुढे एक भाषण केले. शरीराचे सौंदर्य हे मानवाचे सर्वश्रेष्ठ धन नव्हे, तथापि ते एक धन आहे आणि देवाचीच देणगी आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हेतू शुद्ध असेल, देहास अपाय होत नसेल आणि कारण योग्य असेल, तर व्यंग दूर करण्यात पाप नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. मग ज्या उपचाराने केवळ चेहराच नव्हे, तर चावणे, बोलणे आणि दात स्वच्छ ठेवणेही सुधारते, त्याविषयी शंका कशाला? हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे असतात. मुलांचे तसे नाही. त्यांचे दोन्ही एकच. पुढे आलेला दात पडण्या-झडण्यात लवकर मोडतो. एकमेकांवर चढलेल्या दातांच्या फटींत ब्रश पोहोचत नाही, तेथे अन्न साचते, कीड लागते आणि हिरड्या सुजतात. वरचे व खालचे दात एकमेकांस नीट मिळत नसतील तर घास नीट चावला जात नाही.

तेव्हा प्रश्न 'करावे की करू नये' हा नसून 'केव्हा पाहावे' हा आहे. येथे ख्रिस्तसभेच्याच एका निर्णयाची आठवण होते. पूर्वी कित्येक देशांत मुलांना दहा, बारा, चौदा वर्षांची होईपर्यंत ख्रिस्तप्रसाद देत नसत. 'मूल मोठे होऊ द्या' असेच तेव्हाही म्हणत. पोप संत दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० रोजी आज्ञापत्र काढून ही प्रथा बंद केली आणि सातव्या वर्षाच्या सुमारास मुलास विवेक येतो, तेव्हा त्यास थांबवू नये असे ठरविले. योगायोग असा की, दात सरळ करणारे तज्ज्ञ डॉक्टर, ज्यांना ऑर्थोडॉंटिस्ट म्हणतात, तेही मुलाचे तोंड सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासून घ्यावे असेच सांगतात. सातव्या वर्षी तार लावावी असा याचा अर्थ नव्हे. पुष्कळ मुलांना त्या वयात काहीच करावे लागत नाही. परंतु पाहावे मात्र त्याच वयात.

हेच वय का, ते समजून घेऊ. मुलास सुमारे सहाव्या महिन्यापासून दुधाचे दात येऊ लागतात आणि तीन वर्षांच्या आत वीसही दात पूर्ण होतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास या वीस दातांच्या मागे, कोणताही दात न पडता, चार नव्या दाढा येतात. एकही दात पडलेला नसल्यामुळे आईबापांस त्या दुधाच्याच वाटतात. वास्तविक त्या कायमच्या असतात आणि जन्मभर पुरवायच्या असतात. अमेरिकेतील डॉ. एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वेड्यावाकड्या दातांचे प्रकार ठरविले, तेव्हा त्यांनी याच दाढांना मोजमापाचा पाया मानले. वरची दाढ खालच्या दाढेवर कशी बसते, यावरून जबड्यांचे परस्परांशी नाते कळते. पाठोपाठ सहाव्या ते आठव्या वर्षांत खालचे व वरचे पटाशीचे दात बदलतात. म्हणून सातव्या-आठव्या वर्षी जाणकार डॉक्टरास पुढचे पुष्कळसे चित्र दिसू लागते आणि जबड्याची वाढ तर अजून व्हायची असते. ओल्या मातीला आकार देता येतो तो याच काळात.

अज्ञानाने घाबरूनही जाऊ नये. आठव्या ते अकराव्या वर्षांच्या दरम्यान वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये फट दिसते आणि दात पंख्यासारखे पसरलेले वाटतात. सुळे उतरले की ही फट बहुधा आपली आपण मिटते. सासूबाईंचे 'आपोआप सरळ होतील' हे बोलणे एवढ्यापुरते खरे आहे. परंतु ज्या मुलाचे ओठ दातांवर मिटत नाहीत, ज्याचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात, तोंड मिटल्यावरही ज्याच्या पुढच्या दातांत मोकळी खिडकी राहते, ज्याचा जबडा मिटताना एका बाजूस सरकतो, किंवा ज्याचा एका बाजूचा दात पडून नवा आला तरी दुसऱ्या बाजूचा सहा महिने जागचा हलत नाही, अशा मुलाचे आपोआप काही होत नाही. त्यास डॉक्टरांकडे न्यावे.

दात वाकडे का येतात? काही अंशी ते वारशाने येते. बापाचा लहान जबडा आणि आईचे रुंद दात एकाच मुलाच्या वाट्यास आले, तर जागा कोठून पुरावी? आपल्याकडे हा विचार नवा नाही. वाग्भटाने दंतरोग सांगताना वेड्यावाकड्या दातांना 'कराल' आणि जास्तीच्या दातास 'अधिदंत' अशी नावे दिली आहेत. परंतु वारशाखेरीज जी कारणे आहेत, ती आपल्या घरातलीच आहेत, आणि तेथे आपला हात पोहोचतो.

पहिले कारण, किडलेली दुधाची दाढ. 'दुधाचीच आहे, पडणारच आहे' असे म्हणून आपण ती किडू देतो आणि दुखू लागली की उपटून टाकतो. वास्तविक दुधाची दाढ ही खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखून बसलेली असते. ती दहाव्या ते बाराव्या वर्षांपर्यंत टिकायला हवी. ती वेळेपूर्वी गेली की मागची दाढ पुढे कलते, जागा बुजते आणि मागाहून येणारा दात वाट मिळेल तिकडून उगवतो. म्हणून दुधाची दाढ भरून घ्यावी. काढावीच लागली तर ती जागा राखणारी लहानशी कडी बसवून मिळते काय, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे. दुसरे कारण, अंगठा चोखणे. चार वर्षांपर्यंत त्याची फारशी चिंता नको. त्यापुढे सवय राहिली तर वरचे दात पुढे ढकलले जातात. मारून किंवा मिरची लावून ही सवय सुटत नाही. ती मायेने आणि हळूहळू सोडवावी लागते. तिसरे कारण, तोंडाने श्वास घेणे. जे मूल रात्री तोंड उघडे टाकून झोपते आणि घोरते, त्याच्या नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. अशा मुलास आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांस दाखवावे, नाहीतर एकीकडे दात सरळ होतील आणि दुसरीकडे पुन्हा बिघडतील. देवासच्या भगिनीस आम्ही हेच प्रथम विचारू इच्छितो: तुमची मुलगी रात्री कशी झोपते?

आता तारेविषयी. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती अतिशय बारीक तंतूंचे वेष्टन असते. दातावर हलका पण सततचा दाब ठेवला, की ज्या बाजूस तो दाबला जातो तेथील हाड झिजते आणि मागच्या बाजूस नवे हाड भरते. अशा रीतीने दात महिन्यास सुमारे एक मिलिमीटर सरकतो. फ्रान्समधील पिएर फोशार या दंतवैद्यांनी १७२८ साली आपल्या ग्रंथात दात सरळ करण्याच्या पट्टीचे वर्णन केले होते. साधने पुष्कळ बदलली, परंतु तत्त्व तेच आहे. आज प्रत्येक दातावर एक लहान ठोकळा चिकटवितात आणि त्यांतून तार ओवतात. दर चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टर ती तपासतात आणि लागेल तशी बदलतात. सर्व मिळून दीड ते दोन वर्षे, कधी अधिकही लागतात. जागा फारच कमी असेल तर काही उपदाढा काढाव्या लागतात. ते ऐकून घाबरू नये, परंतु कारण विचारून घ्यावे. लहान वयात मात्र पुष्कळदा काढता-घालता येणारी पट्टीही पुरते, आणि जबडाच मागे राहिला असेल तर साधारण दहा ते तेरा वर्षांच्या वाढीच्या भरात त्यावर उपाय करता येतो. ही वाढ एकदा गेली की परत येत नाही. 'चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण जाणतो. येथे ती थोडी निराळ्या रीतीने खरी ठरते. पुष्कळांच्या हाती पैसा येतो तेव्हा वय निघून गेलेले असते.

तार असताना घरात शिस्त लागते. चणे, फुटाणे, ऊस, चिक्की, कडक शेव आणि माळव्यात आवडीने खाल्ले जाणारे भुट्टे कणसावरून दातांनी तोडून खाणे बंद करावे लागते, नाहीतर ठोकळे निघून येतात. मक्याचे दाणे सोलून, शिजवून द्यावेत. प्रत्येक जेवणानंतर दात घासावे लागतात. जे मूल हे टाळते त्याच्या दातांवर तार काढल्यावर पांढरे डाग उरतात. आणि तार निघाल्यावर काम संपत नाही. दात जुन्या जागी परत जाऊ पाहतात; म्हणून डॉक्टर देतील ती पट्टी सांगतील तितके दिवस, बहुधा रात्री, लावावीच लागते. पुष्कळांचे पैसे येथेच वाया जातात. ज्या घरी ही शिस्त सांभाळली जाणार नसेल, त्यांनी तार लावण्याची घाई करू नये.

येथे एका गोष्टीविषयी आम्ही कळकळीने सावध करू इच्छितो. पुढच्या दोन दातांतील फट मिटविण्यासाठी काही जण घरच्या घरी त्यांभोवती साधे रबर गुंडाळतात. हे रबर हळूहळू हिरडीखाली सरकते, दिसेनासे होते आणि मुळाभोवतीचे हाड खात वर चढते. अशाने चांगले निरोगी दात हलून पडल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. तसेच जत्रेतला किंवा रस्त्याकडेचा कोणी 'एका दिवसात दात सरळ' म्हणू लागला, तर त्याच्यापुढे मुलाचे तोंड उघडू नये. ऑर्थोडॉंटिस्ट होण्यास दंतवैद्यकाची पाच वर्षांची पदवी आणि त्यावर त्याच शाखेचे तीन वर्षांचे शिक्षण घ्यावे लागते. डॉक्टरांस त्यांची पदवी विचारण्यात अपमान नाही.

खर्चाचे काय? खाजगी दवाखान्यात संपूर्ण उपचाराचा खर्च दहा-दहा हजारांत मोजावा लागतो, हे खरे आहे. परंतु देवासपासून सुमारे ४० किलोमीटर आणि धारपासून सुमारे ६५ किलोमीटरवर इंदूर येथे शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली शिकाऊ डॉक्टर उपचार करतात. वेळ अधिक लागतो, खर्च पुष्कळ कमी येतो. आमच्या मुंबई-वसईच्या वाचकांस मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय यांची वाट मोकळी आहे. जाताना चार प्रश्न लिहून न्यावेत. बिघाड नेमका कोणता? उपचार आताच हवा की थांबता येईल? किती दिवस लागतील? आणि शेवटच्या पट्टीसह एकूण खर्च किती? दरमहा एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे हाही खर्चच आहे, तो आधी हिशेबात धरावा. ज्यांस तो झेपत नाही त्यांनी आपल्या धर्मग्रामातील संत विन्सेंट डी पॉल मंडळाकडे संकोच न धरता बोलावे. लेकराच्या देहाची निगा हीसुद्धा दयेच्या कार्यातच मोडते.

आता धारच्या सिस्टरांच्या प्रश्नाकडे वळू. त्या मुलांचे दात घाणेरडे नाहीत. तो दोष त्यांच्या पाण्याचा आहे. धार आणि शेजारचा झाबुआ या जिल्ह्यांतील कित्येक हातपंपांच्या व कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार प्रमाणापेक्षा जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे; दुसरे पाणीच मिळत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. हा क्षार थोडा असेल तर दातांस कीड लागू देत नाही. अधिक झाला तर जबड्याच्या आत घडत असलेल्या दातांचे कवच बिघडवितो. असा दात हिरडीतून बाहेर येतो तोच डाग घेऊन. मग विटेच्या पुडीने काय किंवा राखेने काय, तो कितीही घासला तरी उजळत नाही. उलट उरलेसुरले कवच झिजते. ज्या शिक्षकांनी मुलास बाहेर उभे केले, त्यांस हे ठाऊक नव्हते. सिस्टरांनी ते त्यांस सौम्यपणे सांगावे, आणि त्याहूनही आधी त्या मुलास सांगावे. आपला काही अपराध नव्हता, हे त्यास कळले पाहिजे.

तेव्हा तारेने हे डाग जाणार नाहीत. तार दाताची जागा बदलते, रंग नाही. एखाद्या मुलाचे दात डागाळलेले आणि शिवाय वाकडेही असतील, तर त्यास तार लावता येते. मात्र अशा दातांवर ठोकळे नीट चिकटत नाहीत आणि वारंवार निघतात, म्हणून आपल्या गावच्या पाण्याविषयी डॉक्टरांस आधीच सांगावे. डाग फिकट असतील तर दंतवैद्य ते बरेच कमी करू शकतात. गडद असतील तर मूल मोठे झाल्यावर त्यांवर दाताच्या रंगाचे आवरण बसविता येते.

परंतु खरा उपाय येथेही वेळेवरच अवलंबून आहे. पुढचे कायमचे दात जबड्यात घडतात ते जन्मापासून पहिल्या काही वर्षांत, आणि आठ वर्षांच्या आत अक्कलदाढा सोडून बहुतेक दातांचे कवच तयार झालेले असते. म्हणून घरात पाणी थोडेच चांगले मिळत असेल, तर ते गर्भवती मातेस आणि आठ वर्षांखालील मुलांस प्रथम द्यावे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि क्षाराचे प्रमाण उलट वाढते. उथळ, स्वच्छ राखलेल्या विहिरीचे किंवा साठविलेल्या पावसाचे पाणी पुष्कळदा अधिक सुरक्षित असते, मात्र तेही तपासून घ्यावे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी व चुना यांनी फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा' पद्धत शोधून काढली. त्याच संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने धार व झाबुआ जिल्ह्यांत काम करून २००७ साली एक मार्गदर्शिकाही तयार केली. तुरटीचे प्रमाण अंदाजाने घालू नये. पाण्याची तपासणी करून जाणकारांकडूनच ठरवून घ्यावे. त्याबरोबर दूध, शेवगा, टाकळ्याची भाजी, आवळा असे चुना व क जीवनसत्त्व देणारे अन्न मुलांच्या पोटात जावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत मुलांना तपासतात. ती आली की या मुलांचे दात त्यांस आवर्जून दाखवावेत. हा क्षार दातांवरच थांबत नाही. वर्षानुवर्षे पोटात गेला तर हाडे आणि सांधेही आखडतात. पिवळा दात ही त्याची पहिली सूचना आहे.

शेवटी आमच्या सर्व धर्मग्रामांस एक सूचना करावीशी वाटते. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीसाठी गावोगाव सात-आठ वर्षांची मुले एकत्र जमतात. वर्षातून एवढी एकच वेळ अशी असते की, त्या वयाची सारी मुले एका ठिकाणी, आईबापांसह सापडतात. त्या वर्गाच्या एखाद्या रविवारी जवळच्या एका दंतवैद्यास बोलवावे. अर्ध्या दिवसात साऱ्या मुलांची तोंडे पाहून होतील. कोणाची दाढ भरायची, कोणास थांबायचे, कोणास इंदूरला किंवा मुंबईला न्यायचे, एवढे कळले तरी पुष्कळ झाले. दात दुखणाऱ्यांची आश्रयदात्री संत अपोलोनिया हिचा स्मृतिदिन ९ फेब्रुवारीस येतो. सन २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया नगरीत जमावाने श्रद्धेपायी तिचे दात पाडले, हे तेथील बिशप दियोनिसियस यांच्या पत्रावरून आपणांस कळते. त्या दिवसाच्या आसपास ही तपासणी ठेवली तर दिवसही लक्षात राहील.

देवासच्या भगिनीस आमचे उत्तर असे. बाई, हा गर्व नव्हे आणि ही चैनही नव्हे. लग्नाची वाट पाहू नका; मुलगी बाजारात मांडायची वस्तू नाही की विकायच्या वेळी तिला उजळावे. ती आज आठ वर्षांची आहे आणि आज तिला हसावेसे वाटते. येत्या महिन्यात एक दिवस काढून तिला इंदूरला दाखवून आणा. कदाचित डॉक्टर म्हणतील, दोन वर्षे थांबा; तरीही तुमची फेरी फुकट जाणार नाही. आणि तोवर घरात तिला त्या नावाने कोणी हाक मारणार नाही, एवढे मात्र आजच ठरवा. त्यास पैसा लागत नाही.

ते छायाचित्र मात्र फाडू नका, लपवूही नका. ज्या दिवशी तिने प्रभूस प्रथम स्वीकारले त्या दिवसाचे ते आहे. परमेश्वर तुमच्या लेकरांस आणि धारच्या त्या मुलांस निरोगी देह आणि निर्भय मन देवो.